रेसकोर्सवरील वेशभूषा आणि हॅट : एका अलक्षित कारागिरीची समीक्षा

प्रास्ताविक

मराठी समीक्षेने वेशभूषेचा विचार प्रामुख्याने दोन अंगांनी केलेला दिसतो. एक, नेपथ्य आणि प्रकाशयोजना यांच्या पंक्तीला बसणारा नाट्यप्रयोगाचा घटक म्हणून. आणि दुसरे, जात, वर्ग व लिंगभाव दर्शविणारे सामाजिक चिन्ह म्हणून. दोन्ही ठिकाणी वेश अंगावर चढल्यानंतरच समीक्षकाची दृष्टी त्याच्याकडे वळते. तो कसा बेतला गेला, कापड कोठे कमी पडले, शिवण उसवून पुन्हा का घातली गेली, हे प्रश्न 'तांत्रिक' म्हणून बाजूला सारले जातात. घोड्यांच्या शर्यतींच्या निमित्ताने भरणाऱ्या वेशभूषा स्पर्धा आणि त्यांसाठी केली जाणारी पोशाखाची व हॅटची सिद्धता हे या दुर्लक्षाचे एक ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या सिद्धतेकडे समीक्षेचा विषय म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

हिंगोलीत बसून रेसकोर्सवरील हॅटचा विचार करणे काहींना विक्षिप्त वाटेल. परंतु या गावाला घोडा परका नाही. निजामकाळात हैदराबाद कंटिन्जंटची छावणी येथे होती व तिच्यात घोडदळ होते. छावणी गेली, घोडे गेले. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला आमचा जिल्हा आज घोडा पाहतो तो बहुधा वरातीत. मात्र जनावराची शर्यत आणि जनावराचा साज या दोन्ही गोष्टी येथे शंकरपट व पोळा यांच्या रूपाने सर्वांच्या परिचयाच्या आहेत. पोळ्याला बैलाच्या पाठीवर झूल चढते, कपाळावर बाशिंग येते, शिंगांना हिंगूळ व बेगड लागते, गळ्यात घुंगरमाळा आणि गोंडे येतात. उत्तम सजविलेल्या जोडीला अनेक गावांत बक्षीसही दिले जाते. धनी मात्र धुतलेल्या धोतरात किंवा पायजम्यात, फार तर नवा रुमाल बांधून, बाजूला उभा असतो. रेसकोर्सवर नेमके उलट घडते. तेथे घोड्याच्या अंगावर कमीत कमी वजन आणि साज असतो प्रेक्षकाच्या अंगावर! ही अदलाबदल केवळ गमतीची नाही. सजविणाऱ्याचे नाव कोठे टिकते आणि कोठे पुसले जाते, हेही तिच्यावरून कळते. झूल कोणी शिवली हे आमच्या गावात पोरासोरांना ठाऊक असते.

अ‍ॅस्कॉट ते महालक्ष्मी

इंग्लंडमधील अ‍ॅस्कॉटच्या शर्यती राणी अ‍ॅनच्या काळात, १७११ मध्ये सुरू झाल्या. तेथील 'गोल्ड कप' १८०७ पासूनचा. त्याच दिवसाला पुढे 'लेडीज डे' हे नाव रूढ झाले. मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स १८८३ चे. वसाहतकाळात शर्यतींबरोबर त्यांचा शिष्टाचारही आला आणि शिष्टाचाराबरोबर हॅट आली. १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी धावली. ती जिंकणारी 'प्रिन्सेस ब्युटिफुल' ही घोडी बडोद्याच्या महाराजांची, म्हणजे एका मराठी राजघराण्याची होती. याच महाराजांच्या 'सयाजीराव' नावाच्या घोड्याने १९४७ मध्ये इंग्लंडची सेंट लेजर शर्यत जिंकली. तात्पर्य, मराठी माणसाचा रेसकोर्सशी संबंध केवळ पुलंच्या पात्रांप्रमाणे बाहेरून डोकावण्याचा नव्हता. तो मालकीचाही होता.

डर्बीच्या दिवशी, सामान्यतः फेब्रुवारीच्या प्रारंभी, महालक्ष्मीवर हॅट आणि फॅसिनेटर यांचे जे प्रदर्शन घडते त्याची वृत्तपत्रीय छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात. त्यांखालील मजकुरात परिधान करणारीचे नाव असते. अधूनमधून एखाद्या प्रसिद्ध डिझायनरचेही असते. हॅटला तार घालणाऱ्या हाताचे नाव पाहिल्याचे मला तरी आठवत नाही.

येथे एका विसंगतीकडे लक्ष वेधावेसे वाटते. अ‍ॅस्कॉटच्या रॉयल एन्क्लोजरमध्ये शिरोभूषणाचे नियम कडक आहेत. २०१२ पासून तेथे नुसते फॅसिनेटर चालत नाही. शिरोभूषणाची घट्ट बैठक किमान चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर व्यासाची असावी लागते. परंतु त्याच नियमावलीत परदेशी पाहुण्यांना आपापला औपचारिक राष्ट्रीय पोशाख घालण्याची मुभा आहे. म्हणजे भारतातून गेलेल्या पाहुण्या स्त्रीला तेथे साडी नेसता येते. मुंबईत मात्र त्याच स्त्रीला हॅटवाचून आपण अपुऱ्या आहोत असे वाटते. मूळ ठिकाणी जी सवलत आहे ती अनुकरणाच्या ठिकाणी सुचतही नाही, ही वसाहतोत्तर मनाची एक ओळखीची गोष्ट आहे.

'माय फेअर लेडी' आणि 'ती फुलराणी'

या विषयावरील सर्वाधिक परिचित कलाकृती म्हणजे 'माय फेअर लेडी'तील अ‍ॅस्कॉटचा प्रवेश. शॉच्या 'पिग्मॅलियन'मध्ये हा प्रवेश नाही. तेथे एलायझाची पहिली परीक्षा हिगिन्सच्या आईच्या दिवाणखान्यात होते. संगीतिकेने ती शर्यतीच्या मैदानावर नेली आणि परीक्षेचे स्वरूपच पालटले. १९५६ च्या रंगमंचीय प्रयोगाची व १९६४ च्या चित्रपटाची वेशभूषा सेसिल बीटन यांची. चित्रपटातील सगळा उच्चभ्रू समुदाय काळ्या, पांढऱ्या आणि करड्या रंगांत उभा आहे. सातव्या एडवर्डच्या मृत्यूनंतर १९१० मध्ये शोकाच्या वेशात पार पडलेल्या अ‍ॅस्कॉटची सावली या योजनेवर आहे. एलायझाची ती प्रचंड हॅट तिला इतरांत बेमालूम मिसळून टाकते; पण घोडा मागे पडताच ती ओरडते आणि हॅटखालची फुलवाली उघडी पडते. वेशाने जे झाकले ते वाणीने फोडले, असा या प्रवेशाचा अर्थ बहुतेक समीक्षक लावतात.

तो बरोबरच आहे. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये 'ती फुलराणी' रंगभूमीवर आणली तेव्हा या कथेचा भार भाषेवर राहिला. मंजुळेच्या बोलीवर आणि भक्ती बर्वे यांच्या त्या अविस्मरणीय भूमिकेवर आपण भरभरून लिहिले. नाटक भाषेचे आहे, तेव्हा हे स्वाभाविक होय. तरीही एक प्रश्न उरतो. भाषा शिकविणारा प्राध्यापक कथेत नायक होतो. मुलीला त्या भाषेला शोभेल असा वेश शिवून देणारी व्यक्ती मात्र कथेत पात्र म्हणूनही येत नाही. अशिक्षित मुलीचे रूपांतर जर दोन साधनांनी होत असेल, तर त्यांपैकी एकालाच 'विद्या' का म्हणावे? रंगभूषा-वेशभूषा हा विषय एम. फिल.च्या प्रबंधिकेसाठी घेतला तेव्हा 'यात साहित्य कोठे आहे?' असे मला विचारण्यात आले होते. उत्तर तेव्हा नीट देता आले नव्हते.

बेतणे

मराठीत कापड 'बेततात'. 'बेत' आणि 'बेतणे' हे शब्द शेजारी ठेवून पाहिले की शिवणकाम म्हणजे नुसती हातचलाखी नव्हे, तो आधी मनात केलेला विचार आहे, ही जाणीव भाषेतच असल्याचे दिसते. आमच्या जिल्ह्यातील नरसी हे ज्या संत नामदेवांचे गाव म्हणून ओळखले जाते, ते शिंपी होते. गज, कात्री, सुई-दोरा ही त्यांच्या हिंदी पदांत भक्तीची साधने होऊन येतात. शिवणकाम हे चिंतन होऊ शकते, हे आम्हांस बाहेरून शिकण्याची आवश्यकता नव्हती.

रेसकोर्सच्या पोशाखात हा बेत कोठून सुरू होतो? अनुभवी कारागीर बहुधा एकच प्रश्न आधी सोडवतात : नजर प्रथम कोठे जावी, हॅटकडे की पोशाखाकडे? दोघेही बोलू लागले की कोणाचेच ऐकू येत नाही. एकदा हे ठरले की पुढची कामे त्याच्या आज्ञेत चालतात. हॅटसाठी लोकरीचा नमदा, गवत किंवा फिलिपाइन्समधील अबाका या केळीवर्गीय झाडाच्या धाग्याचे 'सिनामे' हे जाळीदार कापड घेतात. ते ओलावून किंवा वाफ देऊन डोक्याच्या मापाच्या लाकडी ठोकळ्यावर ताणतात, टाचण्या व दोरीने बांधतात, खळ देतात आणि वाळू देतात. सिनामेचे पदर उरेब धाग्यावर ठेवावे लागतात, नाहीतर ते गोलाईवर बसत नाही, सुरकुतते. मग काठाला तार शिवायची. ती तार दिसता कामा नये, पण हॅटचा सारा डौल तिच्यावर उभा असतो. आत डोक्याच्या मापाची फीत, केसांत रुतणारा छोटा कंगवा किंवा केसांखालून जाणारे इलॅस्टिक. शेवटी पिसे, फुले, जाळी. बघणारा बघतो ते हे शेवटचे! वाऱ्यात हॅट टिकते की उडते हे मात्र आतल्या फितीवर ठरते.

साडीबरोबर हॅट घालायची झाल्यास प्रश्न अधिक नाजूक होतो. पदराचे वजन डाव्या खांद्यावर येते. हॅटचा कल आणि पिसांचा भार उजवीकडे ठेवला तर तोल साधतो. डावीकडे ठेवला तर सगळी आकृती एका बाजूला कलंडल्यासारखी दिसते. अंबाडा असेल तर हॅटची बैठक पुढे सरकते. पैठणीच्या कापडाची हॅट करण्याचा मोह सहज होण्यासारखा आहे, परंतु जरीचा काठ ठोकळ्याच्या गोलाईवर वळायला नाखूष असतो. त्याला वळविण्यापेक्षा पट्टी म्हणून सपाट वापरणे शहाणपणाचे. अशा वेळी कारागीर कापडाशी वाद घालत नाही, त्याचे म्हणणे ऐकून घेतो. यास समीक्षाव्यापार म्हणू नये तर काय म्हणावे?

आपल्याकडे मस्तकवस्त्राच्या दोन परंपरा आहेत. फेटा प्रत्यक्ष डोक्यावर बांधतात. पुणेरी पगडी मात्र मापाने आधी घडवून, शिवून तयार ठेवतात आणि मग डोक्यावर 'बसवतात'. २००९ मध्ये भौगोलिक निर्देशन प्राप्त झालेली ही पगडी हॅटची खरी मराठी नातलग होय. मात्र ती पुरुषाची. स्त्रीच्या डोक्यावर परंपरेने पदर आला, घडविलेली वस्तू आली नाही. म्हणून महालक्ष्मीवरील हॅट उसनी वाटते आणि तशी ती आहेही. (मराठीत 'टोपी घालणे' याचा जो अर्थ होतो तो येथे आठवल्यास दोष माझा नाही.) पण पगडबंदाची विद्या आणि हॅटकाराची विद्या एकमेकींच्या जवळ आहेत, हे आपल्या डिझाइन अभ्यासक्रमांनी अद्याप गांभीर्याने घेतलेले दिसत नाही.

कापड कमी पडले तेव्हा

मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन मैदानावर 'फॅशन्स ऑन द फील्ड' ही स्पर्धा १९६२ मध्ये सुरू झाली. स्त्रियांनी शर्यतींना यावे हा तिचा व्यावहारिक हेतू. परंतु आरंभीच्या स्पर्धेत पोशाखाच्या किमतीनुसार गट होते, त्यांपैकी एक तीस पौंडांपर्यंतचा, ही बाब महत्त्वाची वाटते. कमी पैशांत उत्तम बेतणाऱ्या स्त्रीला त्यात जागा होती. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये उधळपट्टीच्या प्रदर्शनाची जी मीमांसा केली, तीत स्त्रीचा पोशाख आणि शर्यतीचा घोडा दोन्ही येतात. ती मीमांसा रेसकोर्सला तंतोतंत लागू पडते असे आपण वर्गात शिकवतो. तीस पौंडांचा हा गट मात्र तिच्यात बसत नाही.

याच मैदानावर १९६५ च्या डर्बीच्या दिवशी जीन श्रिम्प्टन ही इंग्लिश मॉडेल गुडघ्याच्या बरीच वर संपणाऱ्या पांढऱ्या झग्यात आली. हॅट नाही, हातमोजे नाहीत, पायमोजे नाहीत. गहजब झाला. वेशभूषेच्या इतिहासात हा प्रसंग तरुण पिढीचे बंड म्हणून नोंदला गेला आहे. त्यामागील हकीकत अधिक साधी आहे. झगा शिवणाऱ्या कॉलिन रोल्फ यांच्याकडे आलेले कापड पुरेसे नव्हते. तेव्हा लांबी कमी करून टाका, असे श्रिम्प्टनने सुचविले. शिवणाच्या टेबलावर, कापड कमी पडल्यामुळे घेतलेला एक निर्णय! बंडाचा अर्थ नंतर प्रेक्षकांनी आणि वृत्तपत्रांनी घातला. तो अर्थ खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. पण जी समीक्षा मैदानापासून सुरू होते तिला हे टेबल कधीच दिसत नाही, आणि मग कारणाच्या जागी ती परिणाम मांडत राहते. फ्लेमिंग्टनला पुढे हॅटकारांसाठी स्वतंत्र पुरस्कार आला हे त्या दृष्टीने योग्यच झाले. तेथे परिधान करणारी ही हॅट मिरविणारी ठरते आणि बक्षीस घडविणाऱ्याला जाते.

जून २०२२ मध्ये अ‍ॅस्कॉटच्या लेडीज डेला भारतीय वंशाच्या हजारावर स्त्रिया साड्या नेसून गेल्या. भारतीय विणकरांचा गौरव हा त्यामागील घोषित हेतू होता. मिरविणाऱ्यांनी घडविणाऱ्यांचे नाव पुढे करून मैदानावर पाऊल टाकण्याचा हा प्रसंग मला महालक्ष्मीवरील कोणत्याही हॅटपेक्षा अधिक विचारप्रवर्तक वाटतो. अर्थात त्यातही विणकर स्वतः अनुपस्थितच होते.

महाविद्यालयीन स्नेहसंमेलनातील वेशभूषा स्पर्धेचे परीक्षण काही वर्षे माझ्याकडे आहे. गुणपत्रिकेत पात्राशी अनुरूपता, सादरीकरण, एकूण प्रभाव असे रकाने असतात. दोन वर्षांपूर्वी बी. ए. प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी 'मडमे'च्या वेशात आली होती. तिची हॅट लग्नपत्रिकांचा पुठ्ठा, जुन्या परकराची कड आणि सायकलच्या ब्रेकची तार यांपासून केलेली होती. काठ इतका सफाईदार होता की तार कोठून घातली ते शोधावे लागले. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, आईनं केलीय. ती फॉल-पिको करते." समितीपुढे मी 'घडविणाऱ्याचे नाव' असा एक रकाना वाढविण्याचा प्रस्ताव मांडला. पोशाख विद्यार्थ्याने स्वतः केलेला असणे अभिप्रेत असल्याने अशा नोंदीमुळे स्पर्धक अपात्र ठरतील, असा आक्षेप आला. तो नियमाला धरूनच होता. प्रस्ताव पुढील बैठकीवर गेला. त्या मुलीला उत्तेजनार्थ क्रमांक मिळाला व प्रमाणपत्रावर तिचे एकटीचे नाव लागले. ते घेऊन ती थेट मागच्या रांगेत बसलेल्या आईकडे गेली, आणि आईने प्रमाणपत्राआधी हॅट हातात घेऊन काठाची एक निसटलेली टाचणी काढली.