भैरवाने सुरू होणारी तबकडी

हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजीत सिंग यांची ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही एच. एम. व्ही.ची तबकडी १९८२ साली मुंबईत निघाली, पण फारशी खपली नाही. २०१० साली ती हॉलंडमधून पुन्हा निघाली आणि तरुण मंडळींनी डोक्यावर घेतली. दहा राग, वाजवणारी यंत्रे तीन. ठेका एकसुरी, त्यात विलंबित शोधू नये. मैफल भैरवीने संपते, ही तबकडी भैरवाने सुरू होते! ठेका कानाला खटकतो खरा, तरी ललत आणि मालकंस यंत्रातही जिवंत राहतात. मुंबई सोडून आलेल्या आपल्या मंडळींनी ती नातवंडांबरोबर ऐकावी, असे आम्ही सुचवतो. ठेका ती ओळखतील, राग आपण सांगावा.