मद्यत्यागलक्षणांवरील औषधसंशोधन : माहूरच्या संदर्भात एक परीक्षण

नवरात्रात दारूला स्पर्श न करण्याचा नेम महाराष्ट्रातील असंख्य घरांत पाळला जातो. माहूरसारख्या शक्तिपीठाच्या परिसरात त्याला रेणुकामातेच्या सान्निध्याचे विशेष बळ लाभावे, हे स्वाभाविकच आहे. घटस्थापनेला प्याला खाली ठेवावयाचा आणि दसरा उलटेपर्यंत तो उचलावयाचा नाही, असा हा साधा करार. अधूनमधून पिणाऱ्यास तो सहज पेलतो. परंतु वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याच्या बाबतीत शरीर हेही या कराराचे एक पक्षकार असते, आणि त्याची संमती कोणी विचारलेली नसते. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत अपस्मारासारखी आकडी येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या माळेच्या सुमारास काही थोड्यांना कंपोन्माद जडतो : रुग्णास स्थळकाळाचे भान राहत नाही, नसलेली माणसे व किडेमुंग्या दिसतात, ताप चढतो, आणि उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवतो. मद्य मेंदूतील शामक यंत्रणेस बळ देते व उत्तेजक यंत्रणेस दाबून धरते. दीर्घ सवयीने मेंदू उलट बाजूस भार टाकून आपला तोल सावरतो. मद्य एकाएकी काढून घेतले, की तो भार मोकळा सुटतो.

नेमात दोष काढण्याचे येथे प्रयोजन नाही. प्रश्न निराळा आहे : या अवस्थेवरील औषधांसंबंधी गेल्या सत्तर वर्षांत जे संशोधन झाले, ते या नेम करणाऱ्या माणसाच्या कितपत उपयोगी पडते?

ही लक्षणे मद्याच्या अभावाची की कुपोषणाची, हा वाद दीर्घकाळ चालू होता. १९५५ साली अमेरिकेतील लेक्झिंग्टन येथे हॅरिस इस्बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जवळजवळ निकालात काढला. अफूवर्गीय द्रव्यांच्या व्यसनातून आलेल्या दहा माणसांना त्यांनी पोटभर अन्न व जीवनसत्त्वे देऊन मद्य पाजले, आणि मग ते अकस्मात थांबविले. ज्यांनी सात आठवड्यांच्या आसपास वा त्याहून अधिक काळ पिणे चालविले होते, त्यांच्यांत आकडी व उन्माद ही दोन्ही प्रकट झाली. आजच्या नीतिनियमांत हा प्रयोग बसणार नाही, आणि बसू नये. तथापि, मद्यपी थरथरतो तो इच्छाशक्ती दुबळी असल्यामुळे नव्हे, हे त्याने सिद्ध केले.

औषधांची कसोटी १९६९ साली लागली. काइम, क्लेट व रॉथफेल्ड यांनी ५३७ माजी सैनिकांची पाच गटांत विभागणी करून क्लोरडायझेपॉक्साइड, क्लोरप्रोमझिन, हायड्रॉक्झिझिन, थायमिन आणि निव्वळ बतावणीची गोळी यांची तुलना केली. क्लोरडायझेपॉक्साइड घेणाऱ्यांत आकडी व उन्माद सर्वांत कमी आढळले. उलट, भ्रमिष्टास शांत करणारे म्हणून ज्याचा लौकिक, त्या क्लोरप्रोमझिनच्या गटात आकड्या अधिक आल्या. चिकित्सकाच्या सहजबुद्धीला एवढा स्वच्छ धडा क्वचितच मिळाला असेल. पुढे २०१० साली कोक्रेन संस्थेच्या परीक्षणात ६४ चाचण्या व ४३०९ रुग्ण एकत्र तपासले गेले, तेव्हाही आकडी टाळण्यात बेंझोडायझेपिन वर्गाची सरशी बतावणीच्या गोळीवर दिसली. त्या वर्गातील अमुकच औषध श्रेष्ठ, असे मात्र ठरविता आले नाही. भारतातील एक महत्त्वाची चाचणी बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १०० पुरुष रुग्णांवर लोराझेपाम व क्लोरडायझेपॉक्साइड यांची तुलना झाली आणि दोन्ही सारखीच उतरली. यकृत बिघडलेल्या रुग्णास लोराझेपाम अधिक सुरक्षित मानतात. तेव्हा ही बरोबरी व्यवहारात मोलाची आहे.

परंतु या अभ्यासाच्या शीर्षकातच एक विशेषण आहे : ‘गुंतागुंत नसलेली’ मद्यत्यागलक्षणे. परीक्षणाचा रोख या विशेषणावर असला पाहिजे. निष्कर्ष निर्भेळ यावा म्हणून सोपे रुग्ण निवडणे हे शास्त्रीय दृष्ट्या रास्त असेल. पण पूर्वी आकडी आलेला, यकृत सुजलेला, तापाने फणफणलेला रुग्ण चाचणीच्या दाराशीच थांबतो, आणि सर्वांत मोठा धोका त्यालाच असतो.

१९९४ सालचा साइट्झ प्रभृतींचा अभ्यास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ठराविक वेळी ठराविक मात्रा देण्याऐवजी लक्षणे वाढतील तेव्हाच औषध द्यावे, ही त्यांची कल्पना. १०१ रुग्णांत उपचाराचा मध्यम काळ ६८ तासांवरून ९ तासांवर आला, औषधाची मध्यम मात्रा ४२५ मिलिग्रॅमवरून १०० मिलिग्रॅमवर. आकडे मोहक आहेत. पण ज्यांना पूर्वी आकडी आली होती ते येथेही वगळलेले होते. शिवाय ही सारी किमया एका परिचारिकेवर उभी आहे, जी वारंवार रुग्णाजवळ येऊन दहा कलमांच्या मोजपट्टीवर गुण मांडते. थरथर आणि घाम ही कलमे डोळ्यांनी दिसतात. मळमळ, धास्ती, डोकेदुखी, कातडीवर काही सरपटल्याचा भास, कानी पडणारे आवाज, डोळ्यांपुढे येणाऱ्या आकृती यांचे गुण मात्र रुग्णाच्या उत्तरावर अवलंबून. माहूर-किनवटच्या डोंगराळ पट्ट्यात हे उत्तर गोंडीत येईल, कोलामीत येईल, बंजारा बोलीत येईल. ‘तुम्हाला काही दिसते का?’ या प्रश्नाचा अर्थ गडाच्या पायथ्याशी आणि बोस्टनच्या रुग्णालयात एकच राहील, असे गृहीत धरता येत नाही. देवीने दर्शन दिले असे सांगणारा भाविक आणि उन्मादाच्या उंबऱ्यावरचा रुग्ण यांत भेद करणे अनुभवी परिचारिकेस जमेल. मोजपट्टीस जमणार नाही. मात्रेचाही प्रश्न आहेच. संशोधनप्रबंधांत पिण्याचे मोजमाप प्रमाणित पेल्यांत असते. हातभट्टीवर गाळलेल्या मोहाच्या दारूचे बळ भट्टीगणिक बदलते, आणि पिणारा ते पेल्याने नव्हे, किकीने मोजतो.

मराठी मुलखाच्या अधिक जवळचे काम मुंबईचे. अविनाश व अ‍ॅलन डिसूझा यांनी २००४ पासून डायसल्फिरामची तुलना क्रमाने नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट व टोपिरामेट यांच्याशी केली. डायसल्फिरामचा मद्यावरील परिणाम १९४८ साली डेन्मार्कमध्ये जाहीर झाला. गोळी घेतलेल्याने दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळते, आणि त्या भयाने तो दूर राहतो. पहिल्या चाचणीतील १०० पुरुषांपैकी वर्षाअखेर डायसल्फिरामच्या गटात ८६ टक्के, तर नालट्रेक्सोनच्या गटात ४४ टक्के मद्यापासून दूर राहिले. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. कोणास कोणते औषध हे सर्वांना ठाऊक होते. आणि जे औषध भीतीवरच चालते त्याची झाकली चाचणी घेतल्यास परिणाम बुजतो, म्हणून हा दोष सहजी टाळता येण्याजोगाही नाही. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. चाचणीत प्रवेश मिळण्यासाठी औषध वेळेवर घ्यावयास लावील व तपासणीस सोबत येईल, असे घरचे माणूस असणे आवश्यक होते. म्हणजे ८६ टक्क्यांत गोळीचा वाटा किती आणि ती हातावर ठेवणाऱ्या आईचा वा बायकोचा किती, हे त्या आकड्यातून वेगळे काढता येत नाही. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले, तेव्हा सिंधूपाशी असे औषध नव्हते. मुंबईच्या चाचण्यांपाशी औषध आहे, पण सिंधू गृहीत धरलेली आहे. ऊसतोडीला वा मजुरीला बाहेरगावी गेलेल्या कुटुंबातून एकटा मागे राहिलेला मद्यपी या आकडेवारीत कोठेच नाही. आणि डायसल्फिराम मद्य अंगातून उतरल्यावरच देता येत असल्याने, तिसऱ्या माळेचे संकट ज्याने पार केले त्याच्यासाठीच ही सारी चर्चा आहे. गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतील समुपदेशनाची चाचणी, जिचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले, ती ग्रामीण वास्तवाच्या अधिक निकट खरी, पण तिचा विषय हानिकारक पिणे हा होता, पूर्ण अवलंबित्व नव्हे.

माहूरच्या नेमातून उद्भवणारा एक प्रश्न मात्र या संपूर्ण साहित्यात जवळजवळ अस्पर्श आहे. १९७८ साली बॅलेंजर व पोस्ट यांनी असे प्रतिपादन केले की, मद्यत्याग जितक्या वेळा घडून मोडतो, तितका पुढील खेपेस मेंदू अधिक पेटतो. पहिल्यांदा नुसती थरथर, पाचव्यांदा आकडी. हे खरे असेल तर दर नवरात्रात, दर श्रावणात दारू सोडून पुन्हा धरणारा माणूस वर्षागणिक अधिक धोक्याकडे सरकत असला पाहिजे, आणि ज्याने गेल्या वर्षी नेम निर्विघ्न पाळला, तो त्याच विश्वासावर यंदा घरीच पडून राहील. त्यात उपवासाची भर. मद्यपीच्या शरीरात थायमिन आधीच तुटपुंजे. नऊ दिवसांच्या लंघनाने ते आणखी आटते, आणि ग्लानी आलेल्या रुग्णास थायमिनविना केवळ साखरेचे सलाइन लावल्यास वेर्निकेचा मेंदूविकार बळावण्याची भीती पाठ्यग्रंथांत सांगितलेली आहे. माहूरहून नांदेडचे वैद्यकीय महाविद्यालय शंभराहून अधिक किलोमीटर दूर. आकडीच्या रुग्णास हे अंतर किलोमीटरांत नव्हे, तासांत मोजावे लागते.

येथे नव्या औषधाची निकड नाही. क्लोरडायझेपॉक्साइड, लोराझेपाम, थायमिन ही जुनी व स्वस्त औषधे आहेत. हवे आहे ते घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यातले निरीक्षण : रोज पिणाऱ्यांपैकी कोण नेम धरणार आहे, याआधी किती वेळा धरला होता, त्यांपैकी कोणत्या खेपेस हात थरथरले वा आकडी आली, आणि शेवटचा घोट केव्हा घेतला. हे चार प्रश्न मराठीत, गोंडीत, कोलामीत व बंजारा बोलीत एकाच अर्थाने विचारता येतात की नाही, येथूनच माहूरच्या चाचणीचा आरंभ करावा लागेल.