वाल्लाची दानपत्रचिकित्सा

सम्राट कॉन्स्टंटाइन याने कुष्ठरोगातून मुक्त झाल्यावर रोम, इटली व पश्चिमेकडील प्रांत यांची सत्ता पोप सिल्व्हेस्टर याच्या स्वाधीन केली, असे सांगणारे एक दानपत्र मध्ययुगात पोपच्या ऐहिक अधिकाराचा आधार मानले जात असे. ते बनावट असल्याचे प्रतिपादणारा लॅटिन प्रबंध लोरेन्झो वाल्ला याने १४४० मध्ये लिहिला. प्रबोधनकालीन इटलीच्या विद्येचे अभ्यासक या प्रबंधास ऐतिहासिक चिकित्सेच्या इतिहासात मानाचे स्थान देतात. हा मान त्यास कोणत्या गुणामुळे द्यावा, हे मात्र तपासून पाहणे अवश्य आहे.

निःपक्षपाती सत्यशोधन हा तो गुण म्हणता येत नाही. वाल्ला त्या वेळी आरागॉनचा राजा आल्फोन्सो याच्या आश्रयास होता, आणि नेपल्सच्या सिंहासनावरून या राजाचे पोप चौथा यूजिनियस याच्याशी वैर होते. दानपत्राविषयी शंका घेणाराही तो पहिला नव्हे. कूसाच्या निकोलसने १४३३ मध्येच ती व्यक्त केली होती. प्रबंधाचा पूर्वार्ध तर सर्वस्वी वक्तृत्वप्रधान आहे. सम्राटाचे पुत्र, सिनेटचा वक्ता व स्वतः सिल्व्हेस्टर यांच्या मुखी भाषणे घालून, असे दान देणे व घेणे मानवी स्वभावास धरून नाही, असे वाल्ला ठसवितो. ही वकिली होय, पुरावा नव्हे.

वाल्लाचे खरे सामर्थ्य दानपत्रातील शब्दांची तो जी झडती घेतो, तीत आहे. रोमच्या अधिकाऱ्यांत तेथे ‘सत्रपां’ची गणना केलेली आहे. पश्चिम भारतातील शिलालेखांमुळे मराठी अभ्यासकास परिचित असलेला ‘क्षत्रप’ तो हाच. हे पद मूळचे इराणी, रोमन राज्यव्यवस्थेतील नव्हे. कॉन्स्टंटिनोपलचे प्रतिष्ठापन ३३० मध्ये झाले. तरी त्यापूर्वीचे म्हणविणारे हे पत्र त्या नगरास प्रमुख धर्मपीठांत स्थान देते. ‘डायाडेम’ म्हणजे वस्त्राची पट्टी. लेखक तिला सुवर्णमुकुट समजतो.

तथापि या उत्तरार्धातही दोन भिन्न कसोट्या एकमेकींत मिसळल्या आहेत. अमुक शब्द त्या काळी त्या अर्थाने संभवतच नव्हता, ही एक कसोटी; अमुक रचना अशुद्ध व ग्राम्य आहे, ही दुसरी. पहिली कालनिर्णयास उपकारक आहे. दुसरी रसिकाची आहे. चौथ्या शतकातील लॅटिन सिसेरोच्या लॅटिनहून पुष्कळ दूर गेलेली होती. म्हणून केवळ अशुद्धतेवरून कूटलेख सिद्ध होत नाही. अभिजात लॅटिनच्या अभिमानी वाल्लास हा भेद सर्वत्र सांभाळता आलेला नाही. शिवाय पत्र कॉन्स्टंटाइनचे नव्हे, एवढेच त्याने दाखविले. ते कोणत्या परिस्थितीत रचले गेले, हा प्रश्न पुढील संशोधकांकडे राहिला. ते आठव्या शतकातील असावे, असे आधुनिक संशोधनाचे सामान्य मत आहे.

या मर्यादा मान्य केल्यानेच प्रबंधाचे मोल नेमके कळते. वाल्लाचा हेतू पक्षीय होता, पण त्याचा उत्तम पुरावा हेतूवर अवलंबून नव्हता. ‘सत्रप’ शब्दाची साक्ष पोपच्या पक्षपात्यासही तपासता येण्याजोगी होती. लेखकाचा पक्ष एकदा ओळखला, की त्याचा युक्तिवाद आपोआप बाद होतो, असा समज संशोधनात वारंवार आढळतो. वाल्लाचा प्रबंध त्या समजाचे निरसन करतो. त्याच्या भाषणांना त्याचा आश्रयदाता पुरेसा होता. त्याच्या शब्दचिकित्सेस मात्र कोणाच्याच आश्रयाची गरज नव्हती.