एका निसटलेल्या केबलचा अहवाल

'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज १० जून १९९५ च्या रात्री अमेरिकेच्या नॅनटकेट बेटाच्या पूर्वेस सुमारे दहा मैलांवर उथळ वाळूत रुतले. जहाजावर १५०९ माणसे होती. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताचा अहवाल १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. विज्ञान शिकवणाऱ्याने तो जरूर वाचावा असे आम्हाला वाटते. मात्र त्याच्या निष्कर्षाशी आमचे थोडे भांडण आहे.

जहाज ९ जूनला दुपारी बारा वाजता बर्म्युडाहून बोस्टनकडे निघाले. तासाभरातच जीपीएसच्या अँटेनाची केबल जोडापाशी निसटली आणि उपग्रहांचे संदेश येईनासे झाले. यंत्र मात्र बंद पडले नाही. होकायंत्राकडून दिशा आणि वेगमापकाकडून वेग घेऊन 'आता आपण इथे असू' असा हिशेब ते मांडू लागले. खलाशी याला डेड रेकनिंग म्हणतात. वारा आणि प्रवाह जहाजाला बाजूला ढकलतात, ते या हिशेबात येत नाही. यंत्राने क्षणभर बारीक आवाज केला, पडद्यावर काही लहान अक्षरे उमटवली आणि आकडे देणे चालूच ठेवले. स्वयंचलित सुकाणूही तेच आकडे खरे धरून चालले.

सुमारे ३४ तासांत जहाज मार्गाच्या पश्चिमेस १७ सागरी मैल, म्हणजे ३१ किलोमीटर सरकले. भागाकार करून पाहा. ताशी एक किलोमीटरही नाही! रमतगमत चालणारा माणूससुद्धा याहून वेगाने जातो. असली चूक डोळ्यांना कशी दिसावी?

अहवालाचे पहिले बोट अधिकाऱ्यांच्या यंत्रावरील अतिविश्वासाकडे आहे. त्यापाठोपाठ अपुरे प्रशिक्षण आणि यंत्रणेच्या रचनेतील दोष येतात. सगळे खरे; पण 'अतिविश्वास' हा शब्द आम्हाला पुरेसा वाटत नाही. ही मंडळी डोळे मिटून बसली नव्हती. ती नकाशावर वेळोवेळी स्थान मांडत होती, ताडूनही पाहत होती. मात्र कागदावर मांडलेले स्थान जीपीएसचे, आणि ज्याच्याशी ते ताडले तो पडद्यावरचा नकाशाही जीपीएसवरच चालणारा. एकाच साक्षीदाराला दोनदा विचारले म्हणून साक्षी दोन होत नाहीत. किनाऱ्यावरील रेडिओ केंद्रांवर चालणारे लोरान-सी हे वेगळे यंत्र तिथेच चालू होते. (ती यंत्रणा अमेरिकेने २०१० मध्ये बंद केली.) खोलीमापकाचा इशारा शून्य मीटरवर लावलेला, म्हणजे जहाज तळाला टेकेपर्यंत तो गप्पच! हे तपशील अहवालात आहेत, पण कारण सांगणाऱ्या मुख्य वाक्यात स्वतंत्र मोजमापाचा उल्लेख नाही.

आपल्या प्रयोगशाळेत तरी वेगळे काय घडते? व्हर्नियर कॅलिपरने गोळीचा व्यास तीनदा मोजायचा, सरासरी काढायची, वाचने जुळली की जर्नलवर सही. कॅलिपरचा शून्यदोष तिन्ही वाचनांत सारखाच असतो. तो सरासरीने कसा जाणार? अशा दहा गोळ्या मोजपात्रातील पाण्यात बुडवून आकारमानावरून व्यास काढा, असे आपल्यापैकी किती जण मुलांना सांगतात?

बोयांचा भाग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटला. ठरलेल्या सुमारास, ठरलेल्या जागी रडारवर एक ठिपका दिसला. अधिकाऱ्याने तो आपल्याला हवा असलेलाच बोया मानला. प्रत्यक्षात तो दुसराच होता. पुढचा बोया तर दिसलाच नाही, तरी त्या वेळच्या अधिकाऱ्याने तो दिसल्याचे कप्तानाला कळवले. उत्तर आधीच ठाऊक असलेला विद्यार्थी वाचन कसे 'जमवून' आणतो, ते आठवते ना? नंतर टेहळ्यांनी समोर निळेपांढरे पाणी दिसत असल्याचे सांगितले. तेव्हाही जहाजाची दिशा बदलली गेली नाही. एवढा भाग मराठीत सांगून दहावीच्या वर्गात वाचायला एक तासिका पुरेल. व्हर्नियरच्या प्रयोगाआधी तो वाचावा, नंतर नव्हे.