‘ब्रेक्झिट’ची कादंबरी : उपहास आणि आकलन

२३ जून २०१६ रोजीच्या सार्वमतात ५१.९ टक्के ब्रिटिश मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडले. या निर्णयाने इंग्रजी कादंबरीकारांना विषय पुरवला. परंतु विषय मिळणे आणि तो उमगणे या भिन्न गोष्टी होत.

इयन मॅक्युअन यांची ‘द कॉक्रोच’ (२०१९) ही लघुकादंबरी याचे ठळक उदाहरण ठरते. काफ्काच्या कथेत माणसाचा किडा होतो. येथे झुरळाचा पंतप्रधान होतो. कामगाराने मालकाला पैसे द्यायचे आणि ग्राहकाने मालासोबत पैसेही घरी न्यायचे, अशी उफराटी अर्थव्यवस्था तो देशावर लादतो. कल्पना चमकदार खरी. मात्र सारा झुरळांचाच डाव ठरल्यावर मतदाराने तसे मत का दिले, हा प्रश्न उरतच नाही. बाहेर पडण्याच्या बाजूने सुमारे १ कोटी ७४ लाख मते पडली होती. एवढ्या मोठ्या निर्णयाचे मूळ किड्यांत शोधणारा उपहास आधीपासूनच सहमत असलेल्या वाचकाला तेवढा सुखावतो.

जोनाथन को यांची ‘मिडल इंग्लंड’ (२०१८) ही कादंबरी या दृष्टीने अधिक खोल जाते. बर्मिंगहॅममधील लाँगब्रिजचा मोटार कारखाना २००५ मध्ये एमजी रोव्हर बुडाल्याने बंद पडला व सुमारे सहा हजार नोकऱ्या गेल्या. तेथे आयुष्य वेचलेला वृद्ध कॉलिन ट्रॉटर मुलाबरोबर ती जागा पाहायला जातो, तर कारखान्याच्या जागी दुकाने! काही निर्माणच न करता देश चालतो कसा, हे त्याला कळत नाही. मॅक्युअन यांना जी उफराटी अर्थव्यवस्था कल्पनेने रचावी लागली, ती कॉलिनच्या डोळ्यांपुढे आधीच उभी आहे. बर्मिंगहॅमने ५०.४ टक्के मतांनी बाहेर पडण्याचा कौल दिला, याचा काहीएक उलगडा या प्रसंगातून होतो. बढती सहकारी नाहीदला मिळाल्यावर इयनच्या मनात साचणारा सलही को झाकत नाहीत. त्यातील वर्णद्वेषाची छटाही नाही.

शेवट मात्र सैल आहे. कॉलिनचा मुलगा बेंजामिन व मुलगी लोइस फ्रान्समध्ये जाऊन राहतात. लाँगब्रिजमधून बाहेर फेकल्या गेलेल्या कामगारासमोर असा कोणता मार्ग होता, याकडे कादंबरी अखेरीस फारसे वळून पाहत नाही.