गोवामुक्तीचा दाखला आणि परकीय हुकूमशहा : एक चिकित्सा

गोवा, दमण व दीव येथील पोर्तुगीज सत्तेच्या समाप्तीचा दिवस, १९ डिसेंबर, नाताळच्या तोंडावर येतो. आम्हां सुरतेच्या मराठी ख्रिस्ती लोकांना दमण जवळचे. वापी स्टेशनापासून ते अवघ्या दहा-बारा किलोमीटरांवर आहे. १९६१ साली दमणवर चालून गेलेली पलटण मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती, ही गोष्ट येथील मराठी माणसास अभिमानाची वाटते, आणि त्यात गैर काही नाही. परंतु जगात कोठेही परकीय हुकूमशहाविरुद्ध सैन्य धाडण्याचा विषय निघाला की हाच दाखला पुढे केला जातो. सालाझार हुकूमशहा होता, शब्दाने तो वळला नाही, शस्त्राने काम दीड दिवसात झाले. तेव्हा अन्यत्र तसेच का करू नये, असा युक्तिवाद असतो. प्रस्तुत लेखात या दाखल्याचीच चिकित्सा करावयाची आहे. गोवा मुक्त झाला हे बरे झाले की नाही, हा आमचा प्रश्न नव्हे. त्यावरून सर्वसाधारण नियम काढता येतो काय, हा प्रश्न आहे.

प्रथम दाखल्याचे बळ मान्य केले पाहिजे. संत थॉमस अक्वायनस यांनी न्याय्य युद्धास तीन अटी घातल्या : युद्ध अधिकृत सत्तेने करावे, कारण न्याय्य असावे, आणि हेतू शुद्ध असावा. यांपैकी पहिल्या दोन अटी येथे बव्हंशी पुऱ्या होतात. सैन्य भारत सरकारने पाठविले होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९६० च्या डिसेंबरात वसाहतींच्या स्वातंत्र्याचा ठराव केला होता आणि पाठोपाठ गोव्याची गणना वसाहतींत केली होती. 'हा आमचा सागरापलीकडील प्रांत' हा पोर्तुगालचा दावा तेथे टिकला नाही. हा झगडा ख्रिस्ती विरुद्ध हिंदू असाही नव्हता. डॉ. टी. बी. कुन्हा आणि पीटर अल्वारिस ही नावे त्याची साक्ष देतात. उलट, सालाझार हा व्हिझेउच्या सेमिनरीत शिकलेला मनुष्य होता आणि १९४० साली त्याने व्हॅटिकनशी करार केला होता, हे आपण सेमिनरीवाल्यांनी विसरू नये. धर्माचे शिक्षण जुलमापासून आपोआप राखत नाही.

तिसऱ्या अटीपाशी मात्र थांबावे लागते. लोकसभेची निवडणूक १९६२ च्या फेब्रुवारीत होणार होती. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींविरुद्ध उभे होते. हेतूत निवडणूक मिसळली होती, असा आक्षेप त्याच काळी घेतला गेला. राजाजींसारख्या देशभक्तानेही या कारवाईवर टीका केली. अहिंसेच्या जोरावर जगात बोलण्याचा आपला अधिकार यामुळे उणावला, असे त्यांचे म्हणणे होते. मनुष्याचे अंतःकरण देव जाणतो. आम्ही निवाडा करीत नाही. पण 'हेतू शुद्धच होता' असे गृहीत धरून प्रवचन करणे योग्य नव्हे.

युद्ध हा अखेरचा उपाय असावा, अशीही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. १९४७ पासून चौदा वर्षे वाटाघाटी झाल्या, हे खरे. परंतु १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक जण मारले गेले, त्यानंतर भारत सरकारनेच सामुदायिक सत्याग्रहास मनाई केली. पुढची सहा वर्षे नाकेबंदी होती, पण तो मार्ग बंद होता. जो उपाय आपणच सोडून दिला, तो 'करून पाहिला, फसला' असे म्हणता येईल काय?

आता दाखल्यात जे झाकले जाते ते पाहू. रक्तपात थोडा झाला. दोन्ही बाजूंचे मिळून पन्नासच्या आसपास सैनिक पडले. हे कशामुळे? आपले सैन्यबळ कित्येक पटींनी अधिक होते, हे एक कारण. दुसरे कारण शत्रूच्या छावणीत होते. अखेरच्या माणसापर्यंत लढण्याची सालाझारची आज्ञा गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी पाळली नाही. १९ डिसेंबरच्या संध्याकाळी त्यांनी शरणागती पत्करली. त्याबद्दल १९६३ साली त्यांना सैन्यातून काढण्यात आले व १९७४ नंतरच त्यांची प्रतिष्ठा परत मिळाली. गोव्याची गावे आणि देवळे-चर्चे वाचली ती काही अंशी एका शत्रू-सेनापतीच्या विवेकामुळे. असा विवेक पुढच्या वेळी आढळेलच, या भरवशावर नियम बांधता येत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, गोव्यात हुकूमशहा पदच्युत झालाच नाही. भारताने त्याचा हात एका प्रदेशावरून दूर केला. लिस्बनवर चाल केली नाही. सालाझार १९६८ पर्यंत सत्तेवर राहिला, आणि त्याची राजवट कोसळली ती २५ एप्रिल १९७४ रोजी, आफ्रिकेतील युद्धांना विटलेल्या पोर्तुगालच्याच सैनिकांच्या हातून. त्या वर्षाच्या अखेरीस नव्या पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. म्हणजे हा दाखला ज्या गोष्टीसाठी दिला जातो, ती गोष्ट त्यात घडलेलीच नाही.

ती जेथे घडली तेथे काय झाले? १९७२ साली इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांची मुदत देऊन हाकलले. त्यांत गुजराती होते, गोवेकरही होते. १९७७ साली आर्चबिशप जनानी लुवुम यांची हत्या झाली. अमीनच्या सैन्याने टांझानियावर आक्रमण केले तेव्हा अध्यक्ष न्येरेरे यांनी प्रतिकार केला आणि १९७९ च्या एप्रिलात कंपाला घेतले. न्येरेरे यांस दोष देणे आम्हांस कठीण वाटते. तरीही युगांडास शांती लाभली नाही; ओबोटे पुन्हा सत्तेवर आले आणि १९८६ पर्यंत यादवी चालली. इराकमध्ये २००३ साली तर आक्रमणाचे निमित्तही नव्हते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी कार्डिनल पिओ लागी यांना वॉशिंग्टनला पाठवून युद्ध टाळण्याची विनंती केली, ती ऐकली गेली नाही. सद्दाम गेला, पण २०१४ साली मोसुल आणि निनवेच्या मैदानातील प्राचीन ख्रिस्ती वस्त्या ओस पडल्या. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या आपल्या परिपत्रात न्याय्य युद्धाचे जुने निकष आज लावणे फार कठीण झाले आहे असे म्हटले, त्यामागे असा अनुभव आहे.

येथे संत थॉमस यांनीच राजधर्मावरील आपल्या ग्रंथात सांगितलेली सिराक्यूजच्या वृद्धेची कथा आठवते. सारे नगर जुलमी राजाच्या मरणाची वाट पाहत असता ती त्याच्या आयुष्यासाठी प्रार्थना करी. कारण तिच्या हयातीत प्रत्येक जुलमी गेल्यावर त्याहून वाईट आला होता. हा भित्रेपणाचा उपदेश नव्हे. जुलूम दूर करणाऱ्याने 'पुढे काय' याचे उत्तर आधी दिले पाहिजे, असा त्यातील बोध आहे.

पवित्र शास्त्रातही परकीय राजाच्या शस्त्राची दोन चित्रे आहेत. यशया ४५ मध्ये परधर्मी कोरेश हा देवाचा अभिषिक्त म्हणून येतो, आणि एज्राच्या आरंभी तो बंदिवानांना आपल्या गावी जाऊन मंदिर बांधण्यास मोकळे करतो. यशया १० मधील अश्शूर हाही देवाच्याच हातची काठी; पण आपल्याच बळाची बढाई मारतो, म्हणून त्याचा न्याय होतो. दोघेही सामर्थ्यवान आहेत. भेद असा की, एकाने लोकांना त्यांचे जीवन परत दिले, दुसऱ्याने ते आपल्या मुठीत ठेवले. हाच निकष आम्ही पुढे ठेवू इच्छितो. हुकूमशहा किती दुष्ट होता यावरून शस्त्र न्याय्य ठरत नाही. त्याच्या प्रजेच्या हाती तिचे भवितव्य परत येते की नाही, यावरून ते ठरते.

या निकषावर गोवा पुष्कळसा उतरतो. लष्करी राजवट १९६२ च्या जूनमध्ये संपली, १९६३ च्या डिसेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. भारतात यावे काय, असे गोवेकरांना कधी विचारले गेले नाही, ही उणीव राहिली. पण १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे काय, हे विचारले गेले. बाजूने १,३८,१७० मते पडली, विरुद्ध १,७२,१९१. कित्येक मराठी मनांना तो कौल रुचला नाही. तरी तो मानला गेला. आमच्या मते गोवामुक्तीचे खरे नैतिक समर्थन दीड दिवसाच्या विजयात नसून, बलवानाने न रुचलेला कौल मानला, यात आहे.

सुरतेला हे वेगळे सांगावयास नको. १६६४ आणि १६७० साली छत्रपती शिवाजी महाराज येथे आले. महाराष्ट्रात तो मोगल सत्तेस दिलेला तडाखा म्हणून शिकवला जातो. या शहराने तो आपल्या घरादारांवर सोसला. शस्त्राचा विचार ज्याच्या दारी ते येते त्याच्या बाजूनेही करावा लागतो.

आमच्या धर्मगुरू व धर्मशिक्षक बंधुभगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते. हुकूमशहाविरुद्धच्या युद्धाचा प्रश्न वर्गात निघाला, तर गोव्याचा दाखला अर्धा सांगू नका. सत्याग्रही, शरण आलेला सेनापती, १९७४ चे पोर्तुगीज सैनिक आणि १९६७ चा मतदार, हे चौघेही त्यात असू द्या. आणि दूरच्या जुलमाविषयी बोलताना, लुवुम यांच्यासारखे जे तेथेच राहून सत्य बोलले व मारले गेले, त्यांचे नाव प्रार्थनेत घ्या. सैन्य पाठविणे आपल्या हाती नाही. जुलमाला जुलूम म्हणणे मात्र आहे, आणि तेवढे केल्यावाचून युद्धाला नाही म्हणण्याचा अधिकारही आपणांस प्राप्त होत नाही.