‘दो बीघा जमीन’मधील दोन हिशेब

बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’ची (१९५३) चर्चा बहुधा इटालियन नववास्तववादापाशी, विशेषतः डी सिका यांच्या ‘बायसिकल थीव्ज’पाशी (१९४८) थांबते. या प्रभावचर्चेत चित्रपटाच्या मुळाशी असलेला संघर्ष झाकोळून जातो. हा संघर्ष दोन हिशेबांमधला आहे. शंभू महातोच्या समजुतीप्रमाणे कर्ज ६५ रुपयांचे. जमीनदाराच्या वहीत ते २३५ रुपयांचे. शंभूचा हिशेब स्मरणात आहे, जमीनदाराचा कागदावर. आणि न्यायालयाला स्मरण वाचता येत नाही.

तीन महिन्यांच्या मुदतीत ही रक्कम जमवण्यासाठी शंभू कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो. जादा पैशांच्या आमिषाने तो वेग वाढवीत जातो आणि अखेर चाक निखळून कोसळतो. कर्जाची फेड शरीरातून होते, ती या प्रसंगात प्रत्यक्ष दिसते. बलराज साहनी यांचा अभिनय येथे कमालीचा संयत आहे. (पार्वतीला अपघात होणे आणि नेमकी शंभूचीच रिक्षा तेथे येणे, ही मात्र हिंदी चित्रपटाची न सुटलेली सवय.)

सावकाराची वही ‘मदर इंडिया’तही (१९५७) आहे, पण तेथे कालव्याचे पाणी सोडण्याच्या समारंभात वहीचा प्रश्न विरघळून जातो. बिमल रॉय ही सोय नाकारतात. लिलावात गेलेल्या जमिनीवर कारखाना उभा राहत आहे. शंभू तिथली मूठभर माती उचलतो, आणि रखवालदार त्याला तीही टाकायला लावतो.